विरेचन आणि त्यानंतर : निवासी नाट्योपचार व भूमिकेतून परतण्याचा प्रश्न

मराठी नाट्यसमीक्षेत नाटक आणि उपचार यांच्या नात्याची चर्चा बहुधा ॲरिस्टॉटलच्या 'कॅथार्सिस' या संज्ञेपासून सुरू होते आणि पुष्कळदा तेथेच थांबते. या संज्ञेसाठी 'विरेचन' हा पर्याय मराठीत रूढ आहे. पर्याय चुकीचा नाही. याकोब बेर्नाइस या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये कॅथार्सिसचा जो वैद्यकीय अर्थ ठामपणे मांडला, त्याच्याशी तो जवळून जुळतो. हे बेर्नाइस पुढे फ्रॉइडच्या पत्नीचे चुलते निघाले, आणि ब्रॉयर व फ्रॉइड यांनी १८९५ च्या हिस्टेरियाविषयक ग्रंथात आपल्या उपचारपद्धतीला हेच नाव दिले, हा योगायोग अभ्यासकांना परिचित आहे. मात्र मराठीने आयुर्वेदातून शब्द उचलला तेव्हा त्या शब्दामागचा विधी मागेच राहिला. आयुर्वेदात विरेचन ही एकटी क्रिया नाही. तिच्याआधी स्नेहन आणि स्वेदन हे पूर्वकर्म असते आणि नंतर संसर्जनक्रम हे पश्चात्कर्म असते. शुद्धी किती झाली यावरून तीन, पाच किंवा सात दिवस पेया, विलेपी, यूष अशा चढत्या क्रमाने रुग्णाला नेहमीच्या अन्नावर आणले जाते. दोष बाहेर पडल्यानंतरचे शरीर हलके असते तसेच नाजूकही असते, ही जाणीव या क्रमामागे आहे. साहित्यसमीक्षेतील विरेचनाला असे पश्चात्कर्म कधी लाभले नाही. शोकांतिका संपली, प्रेक्षक घरी गेला, भावशुद्धी झाली, एवढ्यावर विवेचन आटोपते.

नाट्योपचाराची विसाव्या शतकातील परंपरा या उणिवेकडे लक्ष वेधते. याकोब मोरेनो यांनी व्हिएन्नात १९२० च्या दशकात उत्स्फूर्त रंगभूमीचे प्रयोग केले, पुढे ते अमेरिकेत स्थायिक झाले आणि १९३६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बीकन येथे त्यांनी आपले रुग्णालय सुरू केले. विरेचनाचे स्थान त्यांनी प्रेक्षकाकडून काढून नटाकडे आणले, आणि हा नट म्हणजे ज्याचे दुःख आहे तोच माणूस. हे स्थानांतर सर्वत्र नोंदले जाते. मनोनाट्याच्या सत्राचे मोरेनोंनी केलेले तीन भाग तुलनेने दुर्लक्षित राहतात : आधी समूहाची सिद्धता, मग प्रत्यक्ष साकारणे आणि शेवटी सहभागकथन. या तिसऱ्या भागात पाहणाऱ्यांनी मत द्यायचे नसते, निदान करायचे नसते, सल्लाही द्यायचा नसतो. समोर जे घडले त्याने स्वतःच्या आयुष्यातले काय जागे झाले, तेवढेच सांगायचे असते. उघडा पडलेला माणूस एकटा राहू नये म्हणून इतरांनीही थोडे उघडे व्हायचे, असा हा करार आहे. रेने एमुना यांनी १९९४ च्या 'ॲक्टिंग फॉर रिअल' या ग्रंथात नाट्योपचाराच्या पाच अवस्था सांगितल्या. त्यातही उत्कट आविष्कार चौथ्या स्थानी आहे, आणि पाचवी अवस्था निरोपाच्या विधीची आहे. पूर्वकर्म, प्रधानकर्म, पश्चात्कर्म हा आयुर्वेदाचा क्रम येथे वेगळ्या वाटेने पुन्हा भेटतो.

बेंगळुरूसारख्या शहरात नाट्योपचार गेल्या दोन दशकांत ज्या रूपात रुजला, त्या रूपाची तपासणी या क्रमाच्या आधारे करता येते. हे रूप प्रामुख्याने शनिवार-रविवारच्या निवासी शिबिराचे आहे. त्याचा साधारण आराखडा असा : शहराबाहेर एखाद्या शेतघरात मुक्काम, आरंभी खेळ आणि हालचाली, नंतर वस्तू, मुखवटे वा रिकाम्या खुर्चीच्या साहाय्याने प्रसंगांची उभारणी, एखाद-दुसऱ्या व्यक्तीच्या आयुष्यातील प्रसंगाचे सविस्तर साकारणे आणि शेवटी वर्तुळात बसून बोलणे. दोन दिवसांची ही मर्यादा उपचाराच्या तर्कातून आलेली नाही. ती कचेरीच्या दिनदर्शिकेतून आली आहे. माहिती-तंत्रज्ञान उद्योगातील नोकरदाराला सोमवारी सकाळी संगणकासमोर असावे लागते आणि रविवारी संध्याकाळी शहराच्या वेशीवरच्या वाहतुकीत तास-दोन तास काढावे लागतात. त्यामुळे कात्री लागते ती नेमकी शेवटच्या भागाला. सिद्धतेशिवाय साकारणे होत नाही आणि साकारण्यासाठीच तर लोक आलेले असतात. उरतो तो संसर्जनक्रम. तीन, पाच, सात दिवसांचे काम एका दुपारवर येते.

निवासाचा मुद्दा येथे स्वतंत्रपणे महत्त्वाचा आहे, आणि त्याविषयी बेंगळुरूतच झालेले एक संशोधन साक्षीला घेता येते. निम्हान्स या संस्थेतील आर. रघुराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तमिळनाडूतील एका देवळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. गंभीर मानसिक आजार असलेल्या ३१ व्यक्ती तेथे नातलगांसह राहत होत्या. तेथे उपचाराचा म्हणून कोणताही खास विधी नव्हता. झाडलोट, झाडांना पाणी, सकाळची पूजा, एवढाच दिनक्रम होता. तरी लक्षणांच्या तीव्रतेत सुमारे २० टक्के घट आढळली, आणि संशोधकांनी तिचे श्रेय त्या आश्वासक वास्तव्याला दिले. नमुना लहान आहे आणि त्यावर मोठी इमारत उभारू नये. पण नाट्योपचाराच्या अभ्यासकाला त्यातून एक शंका जरूर घेता येईल : निवासी शिबिरात जे बरे वाटते, ते नाटकामुळे किती आणि एका छपराखाली निर्धोक राहिल्यामुळे किती? (अशा शिबिराला इंग्रजीत ज्या शब्दाने ओळखतात, त्याचा सैनिकी अर्थ माघार. मराठीतला 'शिबिर' हा शब्दही सैन्यातलाच, पण तो चढाईआधीच्या तळाचा. सेवादलापासून सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीपर्यंत मराठी माणूस शिबिराला गेला तो समाज बदलण्यासाठी. स्वतःला बरे करण्यासाठी शिबिराला जाणे ही त्याच्या दृष्टीने नवी गोष्ट आहे.)

परतीची वाट नसलेला नाट्यखेळ कसा असतो, याचे मराठीतील सर्वांत निर्दय चित्र विजय तेंडुलकरांच्या १९६७ मधील 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकात आहे. ड्युरेनमाटच्या 'दी पान' या १९५६ च्या कथेशी असलेले त्याचे साम्य तौलनिक समीक्षेने वारंवार तपासले आहे. तेंडुलकरांचे सामाजिक भाष्य आणि स्त्रीवादी वाचन यांवरही विपुल लिहिले गेले आहे. नाट्योपचाराच्या बाजूने वाचले असता मात्र हे नाटक एका बिघडलेल्या सत्राच्या नोंदीसारखे दिसू लागते. एक हौशी मंडळी परगावी येते. प्रयोगाला अवकाश आहे. सामंत या गावकऱ्याला न्यायालयाची पद्धत कळावी म्हणून लटका खटला उभा केला जातो. आरोपी कोण, हे लीला बेणारे खोलीत नसताना ठरते. मनोनाट्यात केंद्रस्थानी येणारी व्यक्ती स्वतः पुढे येते. येथे ती निवडली जाते, तिला कल्पना नसताना. संमतीचा हा पहिला भंग, आणि पुढचे सगळे भंग त्यातून निघतात. आरंभीचे हास्यविनोद म्हणजे सिद्धताच आहे. किंबहुना ती फारच चांगली साधते. पान खाणे, चहा, साक्षीदारांची थट्टा यांतून समूह सैल होतो, आणि सैल झालेला समूह जे बोलायला एरवी धजावला नसता ते बोलू लागतो. दाराची कडी बाहेरून लागते आणि निघू पाहणाऱ्या बेणारेबाईंना बाहेर पडता येत नाही. शिबिराचे निर्धोक छप्पर आणि कोंडवाडा यांत अंतर एका कडीचे आहे, हे तेंडुलकरांनी रंगसूचनेच्या पातळीवर सांगून ठेवले आहे.

बेणारेबाईंचे शेवटचे प्रदीर्घ स्वगत हे विरेचनाचे उदाहरण म्हणून दाखवण्याचा मोह समीक्षेला होत आला आहे. तो टाळला पाहिजे. त्या वेळी इतर पात्रे गोठलेली असतात. बेणारे बोलतात तेव्हा रंगमंचावर ऐकणारे कोणीच नसते. प्रेक्षागृहातील प्रेक्षकाचे विरेचन होतही असेल, पण ज्या बाईचे दुःख आहे तिच्या वाट्याला साक्षी आलेला नाही. मग काशीकर शिक्षा सुनावतात, आणि लगेचच सगळ्यांना वेळेचे भान येते. हा तर खेळ होता, उठा, प्रयोगाची वेळ झाली, असा समजावणीचा सूर लागतो. नाटकातील सर्वांत हिंसक क्षण तो हा. काशीकर, सुखात्मे, पोंक्षे, कर्णिक हे सारे एका निमिषात आपापल्या भूमिकेतून उतरतात, कारण त्यांच्या भूमिका खोट्या होत्या. बेणारेबाईंची भूमिका खरी निघाली, त्यामुळे त्यांना उतरायला पायरीच नाही. सहभागकथनाच्या जागी येथे विस्मरण येते. सामंत जाता जाता हिरवा कापडी पोपट तिच्याजवळ ठेवतो, आणि पश्चात्कर्म म्हणून या नाटकात काही असेल तर तेवढेच आहे. ते करणाराही मंडळीतला नाही, बाहेरचा आहे. स्वतः पुस्तकातून वाचून खोटी साक्ष दिलेला.

'उतरणे' हे क्रियापद येथे सहज आले, पण त्याच्यामागे मराठीची एक जुनी समज आहे. वारे अंगात येते आणि उतरते. उतारा टाकतात, दृष्ट उतरवतात, विष उतरवतात. लोकविधीत येण्याइतकेच जाण्याला महत्त्व असते, आणि जाण्याची जबाबदारी भगत, देवऋषी, घरातली वडीलधारी मंडळी अशी कोणावर तरी असते. सुधीर कक्कर यांनी १९८२ च्या ग्रंथात राजस्थानातील मेहंदीपूर बालाजी येथील 'पेशी'चे वर्णन केले आहे. तेथे पछाडणाऱ्या भुताला देवाच्या दरबारात हजर केले जाते, त्याची उलटतपासणी होते, कबुलीजबाब घेतला जातो. हाही खटलाच. तेंडुलकरांच्या खटल्याशी त्याची तुलना केली तर फरक लगेच दिसतो. पेशीत आरोपी भूत असते, बाई नसते. दोष तिच्यापासून वेगळा काढून त्याला नाव दिले जाते, आणि मगच शिक्षा होते. व्हिएडा स्कल्टान्स यांनी १९८७ मध्ये महानुभाव पंथाच्या मंदिरातील महाराष्ट्रीय कुटुंबांविषयी लिहिताना आणखी एक गोष्ट नोंदवली : आजारी मुलाची आई स्वतः झुलू लागते, त्याची पीडा आपल्या अंगावर घेते. मनोनाट्यात ज्याला दुसऱ्याची जागा घेणे म्हणतात, त्याचे हे टोकाचे रूप आहे. येथे मात्र ती भूमिका एका सत्रापुरती राहत नाही, आणि बाईच्या अंगातून ती कोण उतरवतो, हा प्रश्न अस्वस्थ करणारा आहे. देवळाकडे सगळी उत्तरे होती असे मानण्याचा भाबडेपणा म्हणूनच टाळावा लागतो.

संस्कृत काव्यशास्त्राचीही येथे एक अडचण आहे. अभिनवगुप्ताने रसास्वादाची जी सात विघ्ने सांगितली त्यात 'निजसुखादिविवशीभाव' हे एक आहे. स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेल्या प्रेक्षकाला रस मिळत नाही; ते बुडणे दूर व्हावे म्हणून तर गायन, वादन, रंगमंडपाची शोभा. नाट्योपचार बरोबर याच विघ्नापासून सुरू होतो. शिबिराला येणारा माणूस निजदुःख घेऊनच आलेला असतो आणि तेच त्याचे संहिताद्रव्य असते. म्हणून नाट्योपचाराला रससिद्धान्ताचा थेट वारस ठरवणारी जी विधाने अधूनमधून आढळतात, ती टिकणारी नाहीत. तरीही दोघांना अंतर हवे आहे. टॉमस शेफ यांनी १९७९ मध्ये विरेचनाची चर्चा करताना अंतर फार झाले तर भाव जागा होत नाही आणि अंतर उरलेच नाही तर माणूस पुन्हा त्याच जखमेत कोसळतो, असे मांडले. साधारणीकरणाला जे काम काव्याकडून करून घ्यायचे होते, ते शिबिरात चालकाला दोन दिवसांत हाताने करावे लागते.

बेंगळुरूच्याच रंगभूमीवर या अंतराचा प्रश्न भाषेच्या रूपाने उभा राहिला. गिरीश कर्नाड यांचे 'ओडकलु बिंब' हे नाटक २००५ मध्ये तेथील रंगशंकरा नाट्यगृहात आले. कन्नड प्रयोगात अरुंधती नाग होत्या. इंग्रजी कादंबरीमुळे अचानक प्रसिद्धीस आलेली कन्नड लेखिका मंजुला नायक चित्रवाणीच्या स्टुडिओत भाषण संपवते आणि पडद्यावरची तिचीच प्रतिमा तिला प्रश्न विचारू लागते. अपंग बहीण मालिनी, नवरा, कादंबरीचे खरे कर्तृत्व, एकेक गोष्ट बाहेर येते. रिकाम्या खुर्चीशी केलेला संवादच हा, फक्त येथे खुर्चीच उलटून बोलते आणि शेवटी वरचढ ठरते. स्टुडिओत दुसरे माणूस नाही. साक्षीविना झालेली कबुली बेणारेबाईंप्रमाणेच मंजुलालाही कोठे पोचवत नाही. कन्नडमध्ये जगलेले इंग्रजीत लिहिले की ते कोणाचे, हा त्या नाटकातला वाद निवासी शिबिराच्या वर्तुळातही न बोलता हजर असतो.

वर्तुळाची भाषा बहुधा इंग्रजी असते, कारण तेथे तमिळ, मल्याळी, बंगाली, मराठी असे सारेच असतात. एखाद्या मराठी तरुणाला वडिलांच्या जागी उभे राहून बोलायचे असेल तर ते वडील इंग्रजीत बोलणार कसे? अंतर राखण्याच्या दृष्टीने परकी भाषा उपकारकही ठरते. जे मराठीत घशात अडकले असते ते इंग्रजीत म्हणता येते. पण मराठी घरात नात्याचा सगळा भार सर्वनामावर असतो. आईला 'तू' आणि वडिलांना 'तुम्ही' म्हणत वाढलेल्या पिढ्यांत मुलगा वडिलांना एकदाच 'तू' म्हणतो तेव्हा तेवढ्यानेच काहीतरी कायमचे तुटते, आणि सासूने सुनेला 'अगं' म्हणणे सोडून 'अहो' म्हटले की भांडण कोणत्या थराला गेले ते शेजाऱ्यांनाही समजते. साकारण्याच्या ऐन क्षणी तो तरुण मराठीत सरकतो, 'तू' म्हणतो, आणि समोर वडिलांची भूमिका करणाऱ्या सहकाऱ्याला त्या आवाजाचा चढ कळतो, शब्द कळत नाही. मग रविवारच्या दुपारी वर्तुळात बसून तो जे घडले त्याचे इंग्रजीत भाषांतर करतो, आणि त्या भाषांतरात सर्वांत आधी गळते ते हेच सर्वनाम.