चाकांवरचें घर आणि टेसीचे दगड

व्हिन्सेंट मिनेली यांनीं दिग्दर्शित केलेला ‘द लाँग, लाँग ट्रेलर’ (१९५४) हा अमेरिकन चित्रपट केवळ हसवणुकीचा म्हणून बाजूस सारणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. क्लिंटन ट्विस यांच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. निकीची नोकरी गांवोगांव फिरविणारी. घर सोबत असावें ही नवपरिणीत टेसीची इच्छा. म्हणून मोटारीमागें सुमारें ३६ फूट लांबीचें चाकांवरचें घर जोडून दोघें कोलोरॅडोकडे निघतात.

वाटेंत टेसी ठिकठिकाणचे मोठाले दगड आठवण म्हणून उचलून घेते. डोंगराच्या चढणीपूर्वीं ते टाकावयाचें ठरतें. ती मात्र ते लपविते. कड्यालगतच्या अरुंद रस्त्यानें जातांना दोघें उसन्या धीरानें गप्पा मारतात, तो प्रसंग सर्वांत सरस आहे. भीतीचा उच्चारहि न करतां ती दाखविण्यांत ल्युसिल बॉल व देसी आर्नाझ यांनीं खरें कसब प्रकट केलें आहे.

दोष आहे तो दृष्टीचा. कथा निकीच्या तोंडून येते. त्यामुळें दगड हास्यास्पद ठरतात. पण रोज मुक्काम हलविणाऱ्या स्त्रीनें कांहीं तरी स्थिर, जड असें जवळ बाळगावें, यांत वेडेपणा कोणता? अखेर दोघें एकमेकांची क्षमा मागतात आणि हा प्रश्न तसाच राहतो. तथापि, संसारांत कोणाच्या वस्तूंस ‘सामान’ म्हणावें व कोणाच्या वस्तूंस ‘अडगळ’, हा विचार प्रेक्षकाच्या मनांत उरतो. एवढें यश त्यास आम्ही आनंदानें देतों.