बडोदेकर भगिनी : कीर्तीचा वाटा आणि कर्जाचा वाटा

मंडळी, आजचा विषय आहे मुलींचा गट आणि त्याची कीर्ती. हे ऐकल्यावर तुमच्यापैकी तरुणांना कोरियातल्या मुली आठवतील. थोडे मोठे असाल तर २००२ साली चॅनेल व्हीने निवडचाचण्या घेऊन बनवलेला ‘विवा’ आठवेल. पाच मुली होत्या, एक लवकरच बाहेर पडली, चौघी उरल्या आणि दोन-तीन वर्षांत गटच विरून गेला. त्यातल्या नेहा भसीन आणि अनुष्का मनचंदा पुढे आपापल्या नावाने गायल्या. हे असं का झालं, याला सार्त्रने एक चांगला दाखला दिला आहे. बसथांब्यावरची रांग घ्या. स्वारगेटला उभी असलेली माणसं एकत्र दिसतात, पण त्यांना एकत्र आणलेलं असतं बसने. बस आली की ज्याला त्याला आपली जागा. सार्त्रच्या लेखी हा खरा समूह नव्हेच. समूह व्हायला सर्वांचं मिळून एक काम लागतं, आणि ते टिकवायला शपथ लागते.

आता आपण पुण्यातच येऊ. हिराबाई बडोदेकर, कमलाबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे या तिघी बहिणी. सोबत थोरले बंधू सुरेशबाबू माने आणि कृष्णराव. वडील किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने. ताराबाईंनी खाँसाहेबांचं घर सोडलं तेव्हा मुलांची नावंही बदलली. चंपाकलीची हिराबाई झाली, सकीनाची सरस्वती, अब्दुल रहमानचे सुरेशबाबू. आजच्या कंपन्या गायिकेला नवं नाव देतात आणि त्याला ‘ब्रँड’ म्हणतात. ताराबाईंचं कारण अर्थातच वेगळं होतं. मुलींना समाजात उभं राहता यावं, एवढंच. पण नाव बदलावं लागलं, यातच तो समाज काय मागत होता ते कळतं.

१९२९च्या सुमारास या घराने नाटक मंडळी काढली. नूतन संगीत विद्यालयाची नाट्यशाखा. बालगंधर्व तेव्हाही लुगडं नेसून रंगमंचावर उभे राहत होते आणि प्रेक्षकांना ते पुरतं मान्य होतं. अशा काळात बहिणी स्त्री-भूमिका करणार, पुरुष-भूमिका पुरुष करणार, आणि सगळे एकाच मंचावर. धाडस होतं बरं का! पण वेळ चुकीची निघाली. १९३१ला बोलपट आला, १९३२ला मराठी बोलपट आला, आणि नाटक मंडळ्यांचं गणित बिघडलं. पडदे, वेषभूषा, बिऱ्हाडं, प्रवास, पगार. खर्च थांबत नाही, तिकीटविक्री मात्र थांबते. चारेक वर्षांत मंडळी बंद पडली, कर्ज राहिलं, आणि ते हिराबाईंनी मैफिली करून फेडलं.

इथे आपण जरा थांबू. मंडळी सगळ्यांची होती, कर्ज फेडलं एकीनं. चरित्रकार हे त्यागाची कथा म्हणून सांगतात आणि आपल्या डोळ्यांत पाणी येतं. आम्हाला मात्र यात कीर्तीची यंत्रणा दिसते. लोक गटाला टाळ्या देतात, पण तिकीट एका नावावर काढतात. ज्या नावावर तिकीट निघतं त्याच नावावर सावकार येतो. मग घर त्या नावाच्या गळ्यावर चालतं, गळा बसला तरी रात्रीची मैफल ठरलेली असते. कमलाबाईंचं नाव आज किती जणांच्या ओठावर आहे, हे सभागृहात हात वर करून विचारलं तर उत्तर मिळेल. आपण विचारत नाही, कारण उत्तर आपल्याला माहीत आहे.

दुसरा ताण याहून बारीक आहे. हिराबाईंबद्दल लिहिताना समीक्षक पहिल्यांदा काय लिहितात? सोज्वळ, घरंदाज, खालच्या मानेने बसणारी, हातवारे न करणारी. सूर पुढच्या परिच्छेदात येतो. तिकीट लावून जलसा करणाऱ्या महाराष्ट्रातल्या पहिल्या गायिका म्हणून त्यांचं नाव घेतात, आणि त्यांनी ते निभावलं ते बैठकीतली अदा बाजूला ठेवून. यात त्यांचा विवेक होता, शंका नाही. पण ही अट पुरुष गायकाला कधी होती का? खुद्द खाँसाहेबांचं खाजगी आयुष्य कुणी त्यांच्या आलापाआड आणलं नाही. उलट सरदार पटेल माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री असताना, ज्यांचं खाजगी जीवन लोकापवादाचा विषय आहे अशा बायकांना रेडिओची दारं बंद करण्यात आली होती. तेव्हा ‘घरंदाज’ हे विशेषण वाटतं तितकं निरागस नाही. एकीला ते दिलं की दुसरीकडून ते काढून घेतलेलं असतं. बहिणींनी आयुष्यभर हे विशेषण सांभाळलं. त्याला किती कष्ट पडले असतील, ते मोजायला समीक्षेकडे माप नाही.

म्हणून आमचं म्हणणं, आधी गाणं ऐका. ‘उपवनी गात कोकिळा’ची जुनी तबकडी एका बाजूला तीनेक मिनिटांची. एवढ्या जागेत किराण्याची आलापी मावणार कशी? हिराबाई सूर लावतात तोच इतका नेमका, की बढतीची वाट पाहावी लागत नाही. तार षड्जावर त्या पोचतात तेव्हा चढल्याचा आवाजच येत नाही. ही सोज्वळता नव्हे, मंडळी, ही कारागिरी आहे. तिला शीलाचं प्रमाणपत्र लागत नाही. सरस्वतीबाईंचंही तेच. १९४३च्या ‘रामराज्य’ चित्रपटातल्या त्यांच्या वीणेच्या गाण्याने त्यांचं नाव देशभर गेलं. पण लोक ‘हिराबाईंची धाकटी बहीण’ म्हणायचं काही सोडेनात.

१९६०च्या दशकात या दोघींनी जुगलबंदी गायला सुरुवात केली. दोन बायकांनी मिळून ख्यालाची जुगलबंदी करावी, हे तेव्हा नवंच होतं. हिराबाई साठीच्या आसपास, सरस्वतीबाई पन्नाशीच्या. नाटक मंडळी जाऊन तीस वर्षं झाली होती, कर्ज फिटलं होतं, सुरेशबाबूही राहिले नव्हते. एकत्र गाण्याची कुणाला गरज उरली नव्हती, आणि नेमक्या तेव्हा त्या शेजारी बसल्या. तालीम एका घरातली, त्यामुळे चढाओढीचा प्रश्न नाही. थोरली जिथे सोडते तिथून धाकटी उचलते, आणि कधी धाकटीने सुचवलेल्या जागेवर थोरली वळते. सार्त्रची शपथ इथे दिसत नाही, रांगही दिसत नाही. दोन तंबोरे, आणि त्यांच्या मध्ये दोघी.