अडसर काढण्याची कला

दाढ किडली की दंतवैद्य कीड कोरून काढतात आणि खड्ड्यात सिमेंट भरतात. ठणका थांबतो, घास चावता येतो, पण दाढेचा गेलेला भाग गेलेलाच राहतो. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील पॉल शार्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी २०१७ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये प्रसिद्ध केलेला शोधनिबंध नेमका या खड्ड्याविषयी आहे. विज्ञानातल्या प्रयोगालाही घाट असतो, हे ज्यांना पटत नाही त्यांनी तो आवर्जून वाचावा.

कथानक साधे आहे. उंदराच्या दाढेत ०.१३ मिलिमीटरचे छिद्र पाडून आतली मज्जा उघडी करायची, त्यात औषधात भिजवलेला कोलॅजनचा इवलासा स्पंज ठेवायचा आणि वाट पाहायची. स्पंज हळूहळू विरघळतो आणि त्याच्या जागी डेंटिन, म्हणजे दाताचा मूळ कठीण भाग, तयार होत जातो. तुलनेसाठी काही दाढांत दवाखान्यात वापरतात तेच सिमेंट भरले होते. सहा आठवड्यांनंतरच्या प्रतिमा शेजारीशेजारी ठेवून पाहाव्यात. सिमेंट होते तिथेच आहे. स्पंजाचा मात्र मागमूस नाही, कारण त्याची जागा दाताने स्वतः घेतली आहे.

खरी गंमत मज्जेतल्या पेशींच्या आत चालते. तिथे बीटा-कॅटेनिन नावाचे प्रथिन सतत बनते आणि सतत मोडलेही जाते. मोडणाऱ्या टोळीत जीएसके-३ हे विकर असते. इजा झाली की ‘विंट’ संदेश येतो, जीएसके-३ला लगाम बसतो, बीटा-कॅटेनिन साठत जाऊन केंद्रकात शिरते आणि ठरावीक जनुके चालू करते. त्यांतले एक म्हणजे ॲक्सिन-२. हे जनुक चालू दिसले की समजावे, पेशीला निरोप पोचला. पण त्यापासून बनणारे प्रथिन जाऊन मिळते ते त्याच मोडणाऱ्या टोळीला! दुरुस्ती सुरू झाल्याची दवंडी पिटणारे जनुकच ती आवरती घेण्याची सोयही करून ठेवते. ही सोय हवीच. डेंटिन बेलगाम वाढू लागले तर मज्जेला जागा कुठली उरणार?

याच गटाने त्याच वर्षी ॲक्सिन-२ चालू असलेल्या पेशींवर खूण करून त्यांच्या वंशजांचा माग काढला. इजेनंतर नवे डेंटिन घडवणाऱ्या पेशी त्यांच्यातूनच निघाल्या. शिवाय विंटचा निरोप त्या स्वतःच स्वतःला धाडतात, असेही दिसले.

विंटच्या या यंत्रणेचा शार्प यांच्या गटाने दुरुस्तीसाठी कसा उपयोग केला, यात पहिल्या प्रयोगाचे सौंदर्य आहे. त्यांनी बाहेरून पेशी आणून सोडल्या नाहीत की जनुकांत फेरफार केला नाही. फक्त जीएसके-३ला काही काळ अडवणारे छोटे रेणू दिले. दार ढकलण्याऐवजी आतून लावलेली कडी काढावी, तसे. तीन रेणू वापरले. त्यांतला टिडेग्लुसिब आधीच अल्झायमरच्या रुग्णांवर तपासला गेला होता. नवे औषध घडवण्यापेक्षा माहितीतलेच नव्या जागी नेमण्याची ही निवड मला फार चोखंदळ वाटते.

उणिवाही आहेत. उंदराची दाढ चिमुकली, छिद्र ताजे आणि स्वच्छ. माणसाच्या दाढेतला खड्डा कितीतरी मोठा असतो आणि त्यात जंतूंनी बिऱ्हाड केलेले असते. शिवाय या वाटेने डेंटिन मिळाले तरी वरचे इनॅमल मिळत नाही, कारण ते घडवणाऱ्या पेशी दात बाहेर येतानाच नाहीशा होतात. म्हणून दंतवैद्यांचे सिमेंट इतक्यात अडगळीत जाणार नाही. पण दाताला काय येते हे आधी नीट पाहायचे आणि मग तेवढ्यापुरताच हात लावायचा, हा या प्रयोगाचा धडा दाढेच्या आकारावर अवलंबून नाही.