‘बिगेस्ट लूझर’चा पेपर आपण खरंच वाचलाय का?

डाएटचा विषय निघाला की हा पेपर कुणीतरी काढतंच. ‘कडक डाएटने मेटाबॉलिझम मंदावतो, म्हणून वजन परत वाढतं, हे सिद्ध झालंय.’ मीसुद्धा पहिल्या वर्षाच्या सेमिनारमध्ये हे वाक्य स्लाइडवर टाकलं होतं. गाइडनी एवढंच विचारलं, ‘‘पेपर वाचलास की बातमी?’’ मी बातमी वाचली होती. तर आज पेपर वाचूया.

केविन हॉल यांच्या गटाने २०१६ मध्ये ‘ओबेसिटी’ या जर्नलमध्ये तो छापला. अमेरिकेतल्या ‘द बिगेस्ट लूझर’ या टीव्ही स्पर्धेत ३० आठवडे कडक डाएट आणि भरपूर व्यायाम असायचा. १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. स्पर्धेत सरासरी ५८ किलो घटले होते, त्यातले ४१ परत आले. विश्रांतीतला ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा रोज साधारण ५०० किलोकॅलरी कमीच राहिला होता.

इथपर्यंत बातमी बरोबर आहे. गडबड त्या ‘म्हणून’मध्ये आहे. स्पर्धेच्या शेवटी ज्यांचा खर्च जास्त मंदावला, त्यांचंच वजन पुढे जास्त वाढलं, असा संबंध आढळलाच नाही. उलट, सहा वर्षांनी ज्यांनी वजन जास्त टिकवलं, त्यांच्यातच मंदावणं अधिक दिसलं! पेपरच्या सारांशातच हे लिहिलंय, पण तिथवर जातो कोण?

याच १४ जणांवर २०१७ मध्ये दुसरा पेपर आला. वजन टिकवणारे आणि न टिकवणारे असे दोन गट पाडले. खाणं दोन्ही गटांनी जवळपास सारखंच कमी केलं होतं. फरक होता हालचालीत : टिकवणाऱ्यांची सुमारे १६० टक्के वाढली होती, दुसऱ्या गटाची ३४ टक्के.

लगेच ‘बघा, चालणंच खरं!’ म्हणू नका. एका गटात फक्त सात माणसं, आणि हा सहसंबंध आहे. हालचालीमुळे वजन टिकलं, की वजन टिकल्यामुळे हालचाल जमली? हे या रचनेतून ठरत नाही. शिवाय बेताने खाणाऱ्यांचा तुलनेचा गट दोन्ही पेपरांत नाही. त्यामुळे ‘डाएटपेक्षा बेताने खाणं बरं’ या दाव्यासाठी हे पेपर वापरताच येत नाहीत.

मी स्वतः दोन घास कमी खाऊन रोज चालणाऱ्यांपैकी आहे. वर्षानुवर्षे निभेल तेच करावं, असं मला वाटतं. पण मला जे वाटतं, त्याला या पेपरचा संदर्भ जोडला तर ती चूकच. माझी स्लाइड नेमकी तिथेच फसली होती.

तुम्ही प्रपोजल लिहीत असाल तर आपल्या आवडत्या संदर्भाला तीन प्रश्न विचारा : माणसं किती? तुलना कुणाशी? आणि ‘म्हणून’ हा शब्द लेखकाचा, की माझा?