जुन्या तारांची साक्ष
बेस गिटार घेऊ पाहणाऱ्या तरुणास नवनव्या सामग्रीचा जो उपदेश चोहोंकडून होतो, त्याविरुद्ध आम्ही एकच साक्षीदार उभा करतो : डेट्रॉइटच्या मोटाउनचे जेम्स जेमरसन. १९६२ ची फेंडर प्रिसिजन, तीवर सपाट गुंडाळीच्या जाड तारा. त्या तुटल्याखेरीज हे गृहस्थ बदलीत नसत! त्यांचा तो गोल, दबका नाद मळलेल्या तारांचाच. उलटतपासणीत एवढे मात्र कबूल केले पाहिजे की, ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्यांचे वाद्य थेट यंत्रास जोडलेले असे. मांडवात तसे भागत नाही. तेथे खर्ज पोचविण्यास दमदार ध्वनिवर्धक हवाच. म्हणून गोव्यात लग्नसमारंभांतून वाजविणाऱ्यांनी पैसा वाद्याच्या चकाकीवर न उधळता ध्वनिवर्धकावर घालावा, आणि मानेचा बाक वेळोवेळी तपासावा; दमट हवेत लाकूड फिरते.