अंतर आणि उत्तरदायित्व : अतिदूर पल्ल्याच्या शिकारीची साहित्याच्या आधारे चिकित्सा

प्रस्तावना

शिकारीचे साहित्य हे बहुतांशी जवळीकीचे साहित्य आहे. शिकारी आणि श्वापद यांच्यातील अंतर हळूहळू कमी होत जाणे, हाच या साहित्याचा कथनक्रम होय. वाऱ्याची दिशा पाहणे, माग काढणे, श्वास रोखून थांबणे, या सर्व क्रियांना जो अर्थ प्राप्त होतो तो या कमी होणाऱ्या अंतरामुळे. अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ प्रदेशात गेल्या काही दशकांत रूढ झालेली एक शिकारपद्धती मात्र या क्रमाच्या नेमकी उलट आहे. एल्क, म्यूल डिअर यांसारख्या मोठ्या प्राण्यांवर ८०० ते १००० यार्ड आणि क्वचित त्याहूनही अधिक अंतरावरून रायफलने गोळी झाडणे, हे तिचे स्वरूप आहे. येथे अंतर कमी करणे हे कौशल्य राहत नाही. अंतर वाढवणे हेच कौशल्य ठरते. या पद्धतीच्या नैतिकतेचा विचार शिकारीला विरोध करणाऱ्या भूमिकेतून न करता, शिकारीच्याच परंपरेतील साहित्यकृती व विचारग्रंथ यांच्या आधारे करणे, हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

दूरवरून नेम साधण्याची कला अमेरिकेत नवी नाही. १८७०च्या दशकात गवताळ प्रदेशातील बायसनची जी सरसकट कत्तल झाली, तीत शार्प्स बनावटीच्या जड रायफलींचा मोठा वाटा होता. धंदेवाईक शिकारी कळपापासून दूर एका जागी ठाण मांडत आणि कळप बुजू न देता एकेक जनावर टिपत. हा व्यापार होता. त्यात खेळाचा वा मर्यादेचा प्रश्नच नव्हता. १८८९ साली विल्यम हॉर्नडे यांनी केलेल्या गणनेत उत्तर अमेरिकेत सुमारे एक हजार बायसन शिल्लक असल्याचे आढळले.

या विध्वंसाची प्रतिक्रिया म्हणून १८८७ मध्ये थिओडोर रूझवेल्ट, जॉर्ज बर्ड ग्रिनेल आदींच्या पुढाकाराने बून अँड क्रॉकेट क्लबची स्थापना झाली. या क्लबने रुजवलेली 'फेअर चेस' म्हणजे न्याय्य पाठलागाची संकल्पना अमेरिकी शिकारनीतीचा पाया मानली जाते. मुक्तपणे वावरणाऱ्या वन्य प्राण्याची शिकार करताना शिकाऱ्याने अवाजवी वरचढपणा घेऊ नये, असा तिचा आशय आहे. म्हणजेच क्रीडा म्हणून केलेली शिकार आणि व्यापारी कत्तल यांतील भेद शस्त्रावरून ठरला नाही; तो शिकाऱ्याने स्वतःवर घालून घेतलेल्या बंधनावरून ठरला. आजच्या वादाचे मूळ या भेदात आहे.

अंतराचे गणित

या पद्धतीचे मूल्यमापन करण्यापूर्वी तिचे तांत्रिक स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. साडेसहा मिलिमीटर व्यासाची व सुमारे ९ ग्रॅम वजनाची आधुनिक गोळी नळीतून सेकंदाला ८२० मीटरच्या आसपास वेगाने बाहेर पडते. २०० यार्डांवर नेम जुळवलेल्या रायफलीतून ती १००० यार्डांवर पोहोचेपर्यंत दृष्टिरेषेच्या सात ते आठ मीटर खाली आलेली असते. गुरुत्वाकर्षणाचा हा परिणाम अचूक मोजता येतो. लेसरद्वारे अंतर मोजणारी उपकरणे, दुर्बिणीवरील अंशांकित चकत्या आणि गोळीच्या मार्गाचे गणित करणारी संगणकीय साधने यांनी तो प्रश्न जवळजवळ सोडवला आहे.

वाऱ्याचे तसे नाही. ताशी १६ किलोमीटर वेगाचा आडवा वारा हीच गोळी ३०० यार्डांवर १३-१४ सेंटिमीटर, तर १००० यार्डांवर सुमारे पावणेदोन मीटर बाजूला नेतो. अंतर सव्वातीन पट होते, विचलन मात्र बारा पटींच्या घरात जाते. हरणाच्या छातीतील मर्मस्थानाचा व्यास पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास असतो. मध्यावर धरलेला नेम मर्मस्थानाबाहेर जाण्यास वाऱ्याच्या अंदाजात ताशी दोन किलोमीटरची चूकही पुरेशी ठरते. शिवाय दऱ्याखोऱ्यांतून वाहणारा वारा शिकाऱ्यापाशी एक, दरीच्या मध्यावर दुसरा आणि प्राण्यापाशी तिसराच असू शकतो.

याहून मूलभूत अडचण काळाची आहे. १००० यार्डांचे अंतर कापण्यास गोळीला सुमारे दीड सेकंद लागतो. चाप ओढताना स्थिर असलेला प्राणी या दीड सेकंदात एक पाऊल टाकू शकतो, आणि छातीसाठी झाडलेली गोळी पोटात शिरू शकते. पोटात जखमी झालेला प्राणी तत्काळ मरत नाही. तो तासन्‌तास जगतो आणि पुष्कळदा दूर निघून जातो. ही चूक शिकाऱ्याच्या कौशल्याची नव्हे. सराव कितीही वाढवला तरी प्राण्याचे पुढचे पाऊल कोणालाही आधी कळत नाही.

समर्थकांची भूमिका

या पद्धतीचे समर्थन सरसकट बाजूला सारता येणार नाही. वर्षानुवर्षे सराव केलेला नेमबाज ६०० यार्डांवरून जितका अचूक असतो, तितका अचूक वर्षातून एकदा रायफल हाती घेणारा हौशी शिकारी २०० यार्डांवरही नसतो, हा त्यांचा पहिला मुद्दा आहे. दूरचा प्राणी निर्धास्त चरत असतो, तर जवळ गेल्याने बिथरलेल्या प्राण्यावर घाईने गोळी झाडली जाते, हा दुसरा. धनुष्यबाणाच्या शिकारीतही प्राणी जखमी होऊन निसटतात, मग रायफलच्या पल्ल्यालाच दोष का, हा तिसरा.

या तिन्ही मुद्द्यांत तथ्य आहे. परंतु तिन्ही मुद्दे केवळ अचूकतेविषयी बोलतात. अकुशल माणसाने जवळून केलेली चूक हे कुशल माणसाने दुरून पत्करलेल्या धोक्याचे समर्थन होऊ शकत नाही. धनुर्धाऱ्याला अपयश येते तेव्हा ते जवळ जाण्याच्या प्रयत्नात येते. येथे तो प्रयत्नच वगळलेला असतो. लोखंडी पत्र्यावरील नेम आणि जिवंत प्राण्यावरील नेम यांतील फरक अचूकतेच्या भाषेत व्यक्त होत नाही. तो व्यक्त करण्यासाठी साहित्याकडे वळावे लागते.

साहित्यातील अंतर

स्पॅनिश तत्त्वचिंतक होसे ऑर्तेगा इ गासेत यांनी १९४२ मध्ये एका शिकारविषयक ग्रंथाला लिहिलेली प्रदीर्घ प्रस्तावना पुढे स्वतंत्र पुस्तक म्हणून प्रसिद्धीस आली. शिकारीत दोन जीवांमध्ये विषमता असतेच, परंतु ती अमर्याद झाली की शिकार संपते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. माणसाची बुद्धी आणि शस्त्रे जसजशी प्रगत होतात, तसतसे तो स्वतःच्या सामर्थ्याला आवर घालतो, म्हणूनच शिकार शिकार राहते. ऑर्तेगांच्या विवेचनाला उमरावी चौकटीची मर्यादा आहे, आणि हा आवर नेमका किती असावा हेही ते सांगत नाहीत. तरीही त्यांचा निकष येथे उपयुक्त ठरतो. घ्राणेंद्रिय, कान आणि डोळे ही प्राण्याची संरक्षणसाधने. हजार यार्डांवर ती जवळजवळ निरुपयोगी होतात. गोळी ध्वनीच्या आधी पोहोचत असल्याने इशाऱ्याचा आवाजही प्राण्याच्या वाट्याला येत नाही. विषमता येथे मर्यादेत उरत नाही.

अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या 'द शॉर्ट हॅपी लाइफ ऑफ फ्रान्सिस मॅकोम्बर' (१९३६) या कथेत उत्तरदायित्वाचा प्रश्न अधिक धारदार होतो. मॅकोम्बरच्या गोळीने सिंह पोटात जखमी होऊन गवतात शिरतो. त्याला तसेच सोडून का जाऊ नये, असे मॅकोम्बर विचारतो. धंदेवाईक शिकारी विल्सन हे साफ नाकारतो. सिंह वेदनेत आहे आणि दुसरे कोणीतरी नकळत त्याच्यासमोर जाऊन पोहोचू शकते, ही त्याची कारणे आहेत. वसाहतवादी वातावरणातील या कथेचे अन्य दोष मान्य करूनही तिचा गाभा महत्त्वाचा आहे. गोळी झाडणे ही कृती चापापाशी संपत नाही. जखमी प्राण्यापर्यंत जाणे हा तिचाच भाग आहे. हजार यार्डांपलीकडे, मध्ये खोल दरी असताना, हे जाणे तासांचे काम होते. गोळी लागली की हुकली, हेही काही वेळा तेथे जाऊनच कळते.

विल्यम फॉकनर यांच्या 'द बेअर' (१९४२) या दीर्घकथेतील आयझॅक हा मुलगा ओल्ड बेन या अस्वलाच्या शोधात आधी बंदूक मागे ठेवतो, नंतर होकायंत्र व घड्याळही सोडून देतो, आणि तेव्हाच त्याला अस्वलाचे दर्शन घडते. साधनांचा त्याग ही येथे ज्ञानाची अट आहे. आल्डो लिओपोल्ड यांनी 'अ सँड कौंटी अल्मनॅक' (१९४९) या मरणोत्तर प्रकाशित ग्रंथात उपकरणांच्या सोसाबद्दल हीच चिंता निबंधाच्या भाषेत मांडली. साधने रानातील कौशल्याला पूरक न राहता त्याची जागा घेतात, असे त्यांचे निरीक्षण होते. २०१३ मध्ये टेक्सासमधील ट्रॅकिंगपॉइंट कंपनीने लक्ष्य निश्चित केल्यावर योग्य क्षणीच गोळी सुटू देणारी संगणकीकृत रायफल बाजारात आणली, तेव्हा या चिंतेला मूर्त रूप मिळाले.

लिओपोल्ड यांच्याच ग्रंथातील लांडगीचा प्रसंग या संदर्भात निर्णायक आहे. तरुणपणी त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी उंच कड्यावरून खाली लांडग्यांवर गोळ्या झाडल्या. नंतर ते मरणासन्न लांडगीपाशी पोहोचले आणि तिच्या डोळ्यांतील विझत जाणारी हिरवी आग त्यांनी पाहिली. त्यांच्या पर्यावरणविचारातील परिवर्तनाची खूण म्हणून हा प्रसंग ओळखला जातो. लिओपोल्ड आयुष्यभर शिकारी राहिले. त्यांनी शिकार सोडली नाही, शिकारीकडे पाहण्याची दृष्टी बदलली. हे परिवर्तन नेमबाजीतून घडले नाही. ते जवळ जाण्यातून घडले.

भारतीय वाचकाला येथे दशरथाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. शब्दवेधी बाणाची विद्या ही धनुर्विद्येची परिसीमा होय. शरयूच्या काठी घडा बुडाल्याचा आवाज त्याने हत्तीचा मानला. नेम अचूक होता, लक्ष्याची ओळख चुकली होती, आणि ती चूक उमगली ती बाणापाठोपाठ नदीकाठी गेल्यावर. ज्ञानाच्या पुढे धावणारे कौशल्य, हा या कथेतील दोष शस्त्र बदलले तरी बदलत नाही.

मर्यादारेषेचा प्रश्न

मग मर्यादा कोठे आखावी? बून अँड क्रॉकेट क्लबने दूर पल्ल्याच्या नेमबाजीविषयी भूमिका मांडताना यार्डांचा आकडा दिला नाही. शिकाऱ्याचा हेतू हा निकष त्याने मानला : प्राण्याशी सामना करणे हा हेतू, की केवळ उपकरणांची व नेमाची परीक्षा पाहणे हा? काही अमेरिकी राज्यांनी शिकारीच्या शस्त्रांवर बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक साधनांवर निर्बंध घातले आहेत. आकडा न देणे ही पळवाट वाटू शकते. वारा, भूप्रदेश आणि व्यक्ती यांनुसार पल्ला बदलतो हे लक्षात घेता मात्र ती प्रामाणिक भूमिका ठरते. तथापि हेतू तपासता येत नाही, ही तिची उणीव आहे. शिकाऱ्याच्या वर्तनाला दाद देणारा वा दोष देणारा प्रेक्षक रानात नसतो, आणि म्हणूनच ही नीती कायद्यापेक्षा संस्कारावर अधिक अवलंबून राहते. असा संस्कार घडवण्याचे काम शिकारसाहित्याने केले आहे.

निष्कर्ष

१. अतिदूर पल्ल्याच्या शिकारीवरील मुख्य आक्षेप अचूकतेच्या अभावाचा नाही. गोळी सुटण्याचा क्षण आणि ती लागण्याचा क्षण यांतील अनिश्चितता शिकारी जाणूनबुजून पत्करतो आणि तिची किंमत प्राणी मोजतो, हा खरा आक्षेप आहे.

२. न्याय्य पाठलागाची संकल्पना व्यापारी कत्तलीच्या विरोधात जन्मली. प्राण्याची संवेदनशक्ती निष्प्रभ करणारी पद्धती खेळाच्या नावाने त्या कत्तलीच्या तंत्राकडेच परत जाते.

३. ऑर्तेगा, हेमिंग्वे, फॉकनर आणि लिओपोल्ड यांच्या दृष्टिकोनांत मोठा फरक असला, तरी त्यांच्या लेखनात जवळीक ही उत्तरदायित्वाची पूर्वअट म्हणून येते.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आता छंद म्हणून शिकार करण्यास वाव राहिलेला नाही. त्यामुळे हा वाद येथील वाचकाला परका वाटू शकेल. परंतु आपल्या कृतीचा परिणाम जेथे घडतो तेथवर जाण्याची तयारी नसताना ती कृती करण्याचा अधिकार माणसाला पोहोचतो का, हा त्यातील प्रश्न परका नाही. साधने जितकी दूर पोहोचतील, तितके उत्तरदायित्वही दूर पोहोचले पाहिजे. ते पोहोचत नसेल तेथे चाप न ओढणे, हेच शिकाऱ्याचे खरे कौशल्य ठरते.