माध्यमिक शाळेतील प्रगत स्पॅनिश : मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने एक परीक्षण

माध्यमिक शाळेत परकीय भाषेचे प्रगत अध्ययन कशासाठी करावयाचे, या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. पहिले व्यवहाराचे : त्या भाषेमुळे उच्च शिक्षणाची व नोकरीची दारे उघडतात. दुसरे संस्कृतीचे : त्या भाषेच्या द्वारे एका निराळ्या जीवनपद्धतीशी परिचय होतो व स्वतःच्या जीवनपद्धतीकडे पाहण्याची नवी दृष्टी लाभते. यांपैकी पहिल्या उत्तराची परीक्षा बाजार आपोआप घेतो. दुसरे उत्तर मात्र बहुधा तपासल्यावाचूनच स्वीकारले जाते, आणि म्हणून त्याचीच चिकित्सा अधिक अगत्याची आहे.

स्पॅनिश ही वीस देशांची राजभाषा. शाळकरी वयात तिचे प्रगत अध्ययन सर्वांत मोठ्या प्रमाणावर होते ते अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत. तेथील कॉलेज बोर्डाचा ‘स्पॅनिश भाषा आणि संस्कृती’ हा अभ्यासक्रम या क्षेत्रात आदर्शवत मानला जातो. कुटुंब व समाज, विज्ञान व तंत्रज्ञान, सौंदर्यविचार, समकालीन जीवन, जागतिक समस्या, आणि व्यक्तिगत व सार्वजनिक अस्मिता अशा सहा विषयसूत्रांभोवती त्याची मांडणी करण्यात आली. २०१४ मध्ये नव्या स्वरूपात सुरू झालेल्या त्याच्या परीक्षेत ‘सांस्कृतिक तुलना’ नावाचा एक भाग होता. एखाद्या स्पॅनिशभाषक समाजातील प्रथा किंवा दृष्टिकोन घेऊन त्याची आपल्या परिचयाच्या समाजाशी तुलना करणारे दोन मिनिटांचे भाषण विद्यार्थ्याने स्पॅनिशमधून करावे, अशी ती योजना. व्याकरणाच्या घोकंपट्टीपासून भाषाशिक्षणाला मुक्त करण्याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

परंतु तुलनेला दोन बाजू लागतात आणि दोन्ही बाजू सारख्याच जाणत्या असाव्या लागतात. परभाषेकडे विद्यार्थी इंग्रजीच्या वाटेने नेला जातो तेव्हा तुलनेची ‘आपली’ बाजूही नकळत इंग्रजी वळणाची होते. अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुलांचे उदाहरण घ्यावे. या मुलांसाठी बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या आश्रयाखाली अनेक गावी मराठी शाळा चालतात. शनिवार-रविवारी तेथे मराठी शिकायचे आणि सोमवारपासून शाळेत स्पॅनिश, असा ज्यांचा क्रम असतो त्यांच्या हाती तुलनेचे दुर्मीळ साधन असते. तथापि पाठ्यपुस्तकी वळण त्यांना मेक्सिकोतील मृतांच्या दिवसाची तुलना अमेरिकी हॅलोवीनशी करावयास शिकवते, पितृपक्षाशी नव्हे. वास्तविक १ व २ नोव्हेंबरला घरातील दिवंगतांसाठी त्यांच्या आवडीचे पदार्थ मांडून ठेवणारा मेक्सिकन समाज आणि भाद्रपदाच्या वद्य पक्षात पितरांना पान वाढणारा मराठी समाज यांची तुलना कितीतरी फलदायी ठरेल. मेक्सिकोत त्या दिवशी मृतांची वाट ज्या फुलाने सजवितात तो आपला झेंडूच होय. त्या वनस्पतीची मायभूमीही मेक्सिको. एकच फूल तेथे मृतांच्या स्वागताला आणि येथे दसऱ्याच्या तोरणाला यावे, या वस्तुस्थितीत सांस्कृतिक तुलनेचा एक संपूर्ण पाठ सामावलेला आहे. तो पाठ मराठीला वगळून होत नाही.

येथून प्रश्न महाराष्ट्राकडे वळतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक स्तरावर शिकविता येतील अशा परकीय भाषांत स्पॅनिशचा उल्लेख केला आहे. पण ती कोणत्या भाषेच्या आधाराने शिकवावी, हा प्रश्न त्यामुळे सुटलेला नाही. जेथे स्पॅनिश शिकविली जाते तेथे ती बहुधा इंग्रजी माध्यमाच्या नागरी शाळांत व इंग्रजी पुस्तकांच्या साहाय्याने. या व्यवस्थेत मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याचे स्थान काय? उदाहरणादाखल रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यातले पोफळी हे गाव घ्यावे. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचे हे गाव कोयना जलविद्युत प्रकल्पामुळे सर्वांना परिचित आहे. पूर्वेकडे वाहणाऱ्या कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेकडे आणून येथे वीज निर्माण केली जाते. अशा गावातील विद्यार्थ्याने स्पॅनिश शिकावयाची तर आधी इंग्रजीत प्रावीण्य मिळवावे, असे सांगण्यात येईल. हे सांगणे शास्त्रदृष्ट्या कितपत टिकते, ते पाहिले पाहिजे.

प्रथम उच्चार. स्पॅनिशमधील त हा दंत्य आहे. इंग्रजीतल्यासारखा दंतमूलीय नाही. शब्दारंभीच्या प, त, क या ध्वनींत इंग्रजीत येणारा महाप्राणाचा अंश स्पॅनिशमध्ये येत नाही. स्वर पाचच, आणि ऱ्हस्वदीर्घत्वाने अर्थ बदलत नाही. हे सारे मराठी मुलाच्या जिभेवर जन्मापासून असते. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी ‘टॉर्टिया’ म्हणतो. मूळ उच्चार ‘तोर्तिया’ला जवळचा आहे. सेर्व्हांतेसच्या नायकाला आपण ‘डॉन क्विक्झोट’ म्हणतो तेही इंग्रजीच्या अनुकरणाने. स्पॅनिश कानाला ‘दोन किहोते’ अधिक ओळखीचे वाटेल. म्हणजे जो ध्वनी आपल्यापाशी होता तो टाकून परका घ्यायचा आणि पुढे तो सुधारण्यासाठी श्रम करावयाचे, असा हा उलटा व्यवहार आहे. अर्थात सर्वच सुकर आहे असे नाही. ब आणि व यांतील भेद मराठीत अर्थभेदक आहे, स्पॅनिशमध्ये तो नाही. तेथे मराठी विद्यार्थ्याला आपली सवय मोडावीच लागेल.

व्याकरणाच्या क्षेत्रात हे साम्य अधिक खोल जाते. ‘मे गुस्ता एल मांगो’ या वाक्यात आवडणारी वस्तू कर्तृस्थानी असून आवडून घेणारी व्यक्ती चतुर्थीच्या अर्थाने येते. आंबे अनेक झाले की क्रियापदही अनेकवचनी होते : ‘मे गुस्तान लोस मांगोस’. इंग्रजी पुस्तके या रचनेला ‘उलटी’ म्हणतात आणि तिच्यासाठी स्वतंत्र प्रकरण राखून ठेवतात. मराठी विद्यार्थी ‘मला आंबा आवडतो’ व ‘मला आंबे आवडतात’ असे रोज बोलतो. त्याला यात उलटे काहीच दिसणार नाही. तीच गोष्ट इच्छार्थक रूपांची. ‘किएरो के बेंगास’ या वाक्यातील दुसरे क्रियापद ‘तू यावेस अशी माझी इच्छा आहे’ यातील ‘यावेस’ या रूपाशी कार्याने समान आहे.

स्पॅनिशमध्ये ‘असणे’ या अर्थाची ‘सेर’ व ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदे आहेत आणि त्यांतील भेद हा इंग्रजीभाषक विद्यार्थ्याचा कायमचा अडसर. मराठीत होकारार्थी वाक्यात हा भेद दिसत नसला तरी नकारात त्याची छाया आढळते. ‘तो शिक्षक नव्हे’ आणि ‘तो घरी नाही’ ही वाक्ये शेजारी ठेवावी. पहिल्यात ओळख नाकारली आहे, दुसऱ्यात स्थिती. स्पॅनिशमध्ये पहिल्या ठिकाणी ‘सेर’ व दुसऱ्या ठिकाणी ‘एस्तार’ येईल. आजच्या बोलण्यात ‘नव्हे’चे क्षेत्र आकुंचित झाले आहे, आणि दोन्ही भाषांतील भेद सर्वत्र जुळतात असेही नाही, परंतु भेदाची जाणीव करून देण्यास एवढा आधार पुरेसा आहे.

संबोधनातही असेच. ‘तू’ला ‘तू’ आहेच. आदरार्थी ‘उस्तेद’ हा शब्द ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या संबोधनापासून झिजून आला, आणि म्हणूनच त्याच्याबरोबर तृतीय पुरुषी क्रियापद येते. समोरच्या व्यक्तीला ‘सरकारांनी बसावे’ असे म्हणणाऱ्या भाषेच्या विद्यार्थ्याला हे नवल वाटू नये.

शब्दसंग्रहाचा विचार करताना मात्र सावधगिरी हवी. कोकणच्या बोलीत इबेरियन शब्द विपुल आहेत, पण ते पोर्तुगीजमधून आलेले आहेत. त्यांना स्पॅनिश म्हणणे ही उत्साहापोटी होणारी चूक ठरेल. काजू व अननस हे शब्द मूळचे ब्राझीलमधील तुपी भाषेचे, आणि पोर्तुगीजांनी ते येथे आणले. लॅटिन अमेरिकेच्या बऱ्याच भागांत काजूला ‘मारान्योन’ आणि अननसाला ‘पिन्या’ म्हणतात. बटाट्याचे नाव कॅरिबियन बेटांतील ताइनो भाषेतले. मुळात ते रताळ्याचे होते. पण अशा भेदांतूनच खरा अभ्यास सुरू होतो. ‘चावी’ हा पोर्तुगीज शब्द. त्याचा स्पॅनिश सोदर ‘याबे’. दोहोंचे मूळ लॅटिन ‘क्लाविस’. लॅटिनमधील आरंभीचे क्ल, प्ल, फ्ल हे जोडध्वनी बऱ्याच शब्दांत पोर्तुगीजमध्ये एका वळणाने गेले, स्पॅनिशमध्ये दुसऱ्या. पावसाला लॅटिनमध्ये ‘प्लुविया’, पोर्तुगीजमध्ये ‘शूव्हा’, स्पॅनिशमध्ये ‘युबिया’. आजच्या पोर्तुगीजमध्ये ‘चावी’च्या मूळ शब्दाचा आरंभ ‘श’ने होतो, मराठीने मात्र त्याचा जुना ‘च’ जपून ठेवला आहे. पोफळीच्या विद्यार्थ्याला ध्वनिपरिवर्तनाचा नियम शिकविण्यास घराच्या चावीहून जवळचे साधन कोणते? देवघेव एकाच दिशेने झाली असेही नाही. पोफळी हे नाव ज्या झाडाची आठवण देते त्या पोफळीला, संस्कृत पूगफलाच्या वंशातील या शब्दाला, स्पॅनिशमध्ये ‘आरेका’ म्हणतात. तो शब्द मलबारातून पोर्तुगीजांच्या मार्फत युरोपात गेला.

याहून महत्त्वाचे साम्य इतिहासाचे. इबेरियन द्वीपकल्पात ७११ पासून १४९२ पर्यंत कोणत्या ना कोणत्या भागात मुस्लिम सत्ता नांदली आणि स्पॅनिशमध्ये अरबी शब्दांचा मोठा थर जमा झाला. दख्खनच्या सुलतानशाह्यांच्या काळात मराठीत फारसी-अरबी शब्दांचा तसाच थर जमला. स्पॅनिशमध्ये नगराध्यक्षाला ‘आल्काल्दे’ म्हणतात. हा शब्द आणि मराठीतील ‘काझी’ एकाच अरबी शब्दापासून आले. जकातीच्या कचेरीला ‘आदुआना’ म्हणतात; तो आपल्या ‘दिवाणा’चा आप्त. ‘आसूकार’ आणि ‘साखर’ यांचे मूळ तर संस्कृत ‘शर्करा’पर्यंत पोचते. दोन्ही समाजांनी राज्यकारभाराची भाषा पचवून आपली केली, हा अनुभव इंग्रजी पाठ्यपुस्तकाच्या चौकटीत सहसा येत नाही. ‘हिस्पॅनिक संस्कृती’ म्हणजे नृत्य, सण आणि खाद्यपदार्थ एवढेच तेथे विद्यार्थ्याच्या पदरी पडण्याचा संभव अधिक.

वाङ्मयाच्या अध्ययनातही हीच कसोटी लावता येते. लोर्काच्या ‘येर्मा’ या १९३४ मध्ये रंगभूमीवर आलेल्या नाटकाचे मराठी रूपांतर आरती हवालदार यांनी ‘चांगुणा’ या नावाने केले. ‘येर्मा’ हे मुळात रूढ विशेषनाम नव्हे. ओसाड, नापीक या अर्थाच्या विशेषणाचे ते स्त्रीलिंगी रूप होय. अपत्यासाठी झुरणाऱ्या नायिकेचे नाव उच्चारताच स्पॅनिश श्रोत्यासमोर पडीक जमीन उभी राहते. मराठीत या अर्थाचे विशेषण नाव म्हणून चालले नसते. ‘चांगुणा’ या नावाने मात्र मराठी प्रेक्षकाच्या मनात श्रियाळ-चांगुणेची कथा जागी होते : अतिथीसाठी पोटच्या चिलयाचा बळी देणारी माता. लोर्काच्या नाटकाच्या अखेरीस नवऱ्याचा गळा आवळून नायिका आपण आपले मूलच मारले असे म्हणते, हे लक्षात घेता हा नामबदल केवळ सोयीचा राहत नाही. एका प्रतिमेचा लोप होतो आणि दुसरी तिच्या जागी अधिक भीषण अर्थ घेऊन येते. हे आकलन केवळ इंग्रजी भाषांतर वाचणाऱ्याला होणार नाही आणि केवळ मराठी नाटक पाहणाऱ्यालाही होणार नाही. प्रगत अध्ययन या संज्ञेला काही अर्थ असेल तर तो हाच.

स्पॅनिशचे ज्ञान जीवनाशी जोडणारा मराठी माणूस पूर्वी झाला नाही असेही नव्हे. वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे १९२४ च्या सुमारास मेक्सिकोत पोचले, चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात त्यांनी अध्यापन केले, मक्यावर संशोधन केले आणि शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा उभारण्यात पुढाकार घेतला. दिएगो रिव्हेरा या चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. १९६७ मध्ये नागपूर येथे त्यांचे निधन झाले. मक्याचे कणीस, जमीन आणि शेतकरी हे विषय त्यांना अभ्यासक्रमाने पुरविले नव्हते; ते दोन्ही देशांना समान होते आणि भाषा त्यांच्यामागून आली.

यावर एक आक्षेप संभवतो. कोश, व्याकरणे, श्राव्य साहित्य आणि शिक्षक ही सारी सामग्री इंग्रजीतूनच मुबलक मिळते. मग मराठीचा आग्रह धरून विद्यार्थ्याचे नुकसान का करावे? आक्षेपात तथ्य आहे. इंग्रजीतील सामग्री टाकून द्यावी असे कोणीही म्हणणार नाही. परंतु हा आक्षेप साधनांच्या उणिवेबद्दल आहे, विद्यार्थ्याच्या पात्रतेबद्दल नव्हे. साधनांची उणीव विद्यार्थ्याच्या माथी मारली की परकीय भाषा हा नागरी, इंग्रजी माध्यमाच्या वर्गाचा अलंकार होऊन बसतो, आणि ज्याच्या भाषेत त्या परभाषेची सर्वाधिक नाती आहेत तोच दाराबाहेर राहतो.

ही उणीव भरून काढण्याचे काम शाळांचे नाही. मराठी व स्पॅनिश यांचे तौलनिक व्याकरण, फसव्या साम्यांची चिकित्सा करणारा शब्दसंग्रह आणि मराठी टीपांसह संपादिलेले वेचे ही कामे विद्यापीठांतील मराठीच्या व परकीय भाषांच्या विभागांनी एकत्र येऊन करावयाची आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषयांची वाण पडते असे म्हणण्याचे कारण नाही. यांतील प्रत्येक काम एकेका प्रबंधाचा विषय होऊ शकेल. ते होईपर्यंत माध्यमिक शाळेतील सांस्कृतिक तुलना ही दोन समाजांची तुलना न राहता इंग्रजीने दोहोंविषयी केलेल्या विधानांची तुलना राहील.